शंभर जोर आणि न भरणारी छाती

विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात प्रश्नपेटीतल्या चिठ्ठ्या वाचण्याचे काम माझ्याकडे आले होते. शिक्षकांनी आपापल्या वर्गातील मुलांचे प्रश्न आणले होते. ग्रहण, सापाचे विष, उडत्या तबकड्या हे नेहमीचे विषय होतेच. त्यातच वहीच्या अर्ध्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी निघाली. लिहिणारा दहावीतला होता. "मी रोज १०० जोर मारतो. २५-२५ चे चार. पहिले दोन महिने फरक पडला. नंतर सहा महिने झाले, छाती तेवढीच आहे. माझे काय चुकते? पावडर घ्यावी का?"

चिठ्ठी आणणाऱ्या बाई म्हणाल्या, "मी त्याला सांगितलं, व्यायामाचे सर सांगतील. सर म्हणाले, दीडशे मार. तो आता दीडशे मारतोय, पण छाती तेवढीच. उत्तर काय द्यायचं?"

मुलाने स्वतःवर आठ महिने प्रयोग केला होता, नोंद ठेवली होती आणि अपेक्षित निष्कर्ष येत नाही हे प्रामाणिकपणे लिहिले होते. असा प्रश्न 'जास्त मेहनत कर' म्हणून परत पाठवणे बरे नव्हे. शिवाय शेवटच्या तीन शब्दांत धोका आहे. उत्तर आपण दिले नाही, तर ते पावडर विकणारा देणार. म्हणून हा प्रश्न जरा मुळापासून पाहू या.

आधी हा स्नायू हाताला लागू दे. उजवा तळहात डाव्या छातीवर, काखेजवळ ठेवा. आता डावा हात टेबलाच्या कडेला टेकवून पुढे रेटा. हाताखाली काहीतरी घट्ट होते. काखेच्या पुढच्या बाजूला जी जाड कड चिमटीत पकडता येते, ती याच स्नायूची. वर्गात आणखी सोपा प्रयोग करता येतो. नमस्काराप्रमाणे हात जोडून तळवे एकमेकांवर जोराने दाबायला सांगा. दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम टणक होतात.

हा स्नायू पंख्याच्या आकाराचा आहे. पंख्याची रुंद बाजू गळ्याखालच्या आडव्या हाडापासून छातीच्या मधल्या हाडावरून खाली बरगड्यांच्या कूर्चांपर्यंत पसरलेली असते. मूठ मात्र दंडाच्या हाडाच्या वरच्या भागात जाऊन रुततो. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. तेव्हा पंखा आवळला की दंडाचे हाड छातीकडे, पुढे आणि आत ओढले जाते. दार ढकलणे, मिठी मारणे, चेंडू फेकणे आणि जोर मारताना अंग वर उचलणे ही सगळी याचीच कामे. याच्याखाली एक लहान स्नायू आहे, पण तो खांद्याच्या फऱ्याशी जोडलेला असतो. दिसणारी छाती मोठ्या स्नायूची. 'वरच्या छातीचा', 'खालच्या छातीचा' वेगळा व्यायाम असतो असे मुले सांगतात. हाताचा कोन बदलला की पंख्याच्या वरच्या किंवा खालच्या भागावर ताण थोडा अधिक येतो, हे खरे. पण स्नायू एकच आहे आणि नवशिक्याने त्या बारकाव्यात वेळ घालवू नये असे माझे मत आहे.

स्नायू वाढतो म्हणजे काय वाढते?

स्नायू हजारो तंतूंचा बनलेला असतो. प्रत्येक तंतू ही एक लांबलचक पेशी असून तिच्यात एक नव्हे, शेकडो केंद्रके असतात. तंतूच्या आत त्याहून बारीक दोरे, आणि त्या दोऱ्यांत ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांच्या काड्या एकमेकींत गुंतवून ठेवलेल्या. स्नायू आखडतो तेव्हा या काड्या लहान होत नाहीत, तर एकमेकींवरून सरकतात. दोन्ही हातांची बोटे समोरासमोर धरून एकमेकांत सरकवली की बोटांची लांबी तीच राहते, पण तळहात जवळ येतात. अगदी तसेच. ही कल्पना १९५४ साली 'नेचर' साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे मांडली. एका जोडीत अँड्र्यू हक्सले आणि रॉल्फ नीडरगर्के होते, दुसरीत ह्यू हक्सले आणि जीन हॅन्सन. दोघा हक्सल्यांचे एकमेकांशी नाते नव्हते. विद्यार्थी हमखास विचारतात, म्हणून सांगून ठेवतो.

व्यायामाने यातले काय वाढते? तंतूंची संख्या वाढत असावी असे वाटते. हा प्रश्न इटलीच्या बेनेदेत्तो मोरपुर्गो यांनी १८९७ सालीच हाताळला होता. त्यांनी कुत्र्याच्या एका पायातील एक स्नायू आधीच काढून ठेवला, मग कुत्र्यांना फिरत्या चाकात पळवले आणि नंतर दुसऱ्या पायातील तोच स्नायू तपासला. स्नायू जाड झाला होता, पण तंतूंची संख्या वाढली नव्हती. प्रत्येक तंतूच जाड झाला होता. माणसाच्या बाबतीतही आज मुख्यतः हेच मानले जाते. म्हणजे छाती भरणे म्हणजे नवे दोर येणे नव्हे. असलेल्या प्रत्येक दोरात ॲक्टिन-मायोसिनच्या काड्या अधिक भरल्या जातात.

तंतू जाड झाला की त्याचा कारभार सांभाळायला केंद्रके कमी पडू लागतात. त्यासाठी तंतूच्या कडेला चिकटून झोपी गेलेल्या छोट्या पेशी असतात. अलेक्झांडर माउरो यांना त्या १९६१ साली बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसल्या. स्नायूवर ताण पडला की त्या जाग्या होतात, विभागतात आणि तंतूत विलीन होऊन आपली केंद्रके त्याला देतात. २०१० साली नॉर्वेतील शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये दाखवले की नंतर स्नायू बारीक झाला तरी ही जादा केंद्रके बराच काळ टिकून राहतात. एकदा कमावलेले शरीर सुटले तरी लवकर परत येते, असे जुने वस्ताद सांगत. त्यांच्या म्हणण्यामागे कदाचित हेच असेल. माणसात ही गोष्ट कितपत खरी, यावर अजून वाद आहे.

पहिल्या दोन महिन्यांचे कोडे

आता चिठ्ठीकडे वळू. पहिले दोन महिने फरक पडला, नंतर थांबला. का?

सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते, पण तिचा मोठा वाटा स्नायूचा नसतो, तो चेतासंस्थेचा असतो. पहिल्या दिवशी आठ जोर काढणारा मुलगा तीन आठवड्यांत पंधरा काढतो, तेव्हा त्याची छाती दुप्पट झालेली नसते. असलेले तंतू एकदम आणि योग्य क्रमाने कामाला लावायला मेंदू आणि मज्जारज्जू शिकलेले असतात. सायकल शिकण्यासारखेच हे शिकणे आहे. स्नायूची खरी वाढ मागून येते आणि सावकाश येते.

ती पुढे थांबली का, हे समजण्यासाठी मेंदू स्नायूला हुकूम कसा देतो ते पाहावे लागेल. मज्जारज्जूतील एक चेतापेशी काही तंतूंना एकत्र चालवते. काही चेतापेशींच्या ताब्यात थोडेच तंतू असतात, काहींच्या ताब्यात शेकडो. अमेरिकेतील एलवुड हेनमन यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत दाखवले की यांना कामाला लावण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी लहान गट, आणि गरज पडली तरच मोठे. चिखलात बैलगाडी रुतली की गाडीवान आधी स्वतःच खांदा लावतो. नाही हलली तर शेजारच्या शेतातल्याला हाक मारतो, तरीही नाही तर वस्तीवरची माणसे येतात. पहिल्याच झटक्यात गाडी निघाली तर वस्तीला कळतही नाही.

गोम अशी, की जाड होण्याची क्षमता सर्वांत जास्त असते ती या वस्तीवरच्या माणसांत, म्हणजे उशिरा बोलावल्या जाणाऱ्या मोठ्या गटांच्या तंतूंत. आपल्या मुलाला सुरुवातीला २५ जोर फार जड जात होते. शेवटच्या चार-पाच जोरांना हात थरथरत असणार. तेव्हा सगळे तंतू कामाला लागत होते आणि छाती वाढत होती. दोन महिन्यांनी तेच २५ त्याला सोपे झाले. २५ झाले की तो थांबतो, कारण आकडा ठरलेला आहे, दमला म्हणून नव्हे. मोठ्या गटांना आता हाकच जात नाही. मग तो १०० मारो की १५०, लहान गटच पाळीपाळीने राबत राहतात. त्यांचा दम वाढतो, रक्तपुरवठा सुधारतो आणि चिवटपणा येतो. हे फायदे खोटे नाहीत, पण तो ज्याची वाट पाहतो आहे ते हे नव्हे.

तेव्हा वाढीसाठी जोरांची एकूण संख्या महत्त्वाची नाही. शेवटचे काही जोर किती कठीण गेले, ते महत्त्वाचे.

भार फार मोठाच हवा, असेही नाही. २०१२ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात तरुणांच्या मांडीच्या स्नायूंवर दहा आठवडे प्रयोग झाला. काहींनी जेमतेम एकदाच उचलता येईल अशा वजनाच्या ८० टक्के भाराने व्यायाम केला, काहींनी फक्त ३० टक्के भाराने, पण दोघांनीही पुढे उचलताच येणार नाही इथपर्यंत. स्नायूंची वाढ जवळपास सारखी आली. पुढे २०१७ साली जपानमध्ये साधे जोर आणि आडवे झोपून हलक्या भाराचे वजन उचलणे यांची तुलना झाली. आठ आठवड्यांत छातीच्या स्नायूची जाडी दोन्ही गटांत सारखीच वाढली. याचा अर्थ तालुक्याच्या गावातल्या मुलाला लोखंडी वजनांवाचून अडत नाही. जमीन पुरते.

जोर म्हणजे किती किलो?

हा भाग प्रयोगशाळेत जरूर करून पाहण्यासारखा आहे. त्यासाठी न्हाणीघरात ठेवतात तसा एक वजनकाटा हवा. मुलाने दोन्ही तळहात काट्यावर टेकवून, हात सरळ ठेवून जोराच्या स्थितीत स्थिर राहावे. दुसऱ्याने आकडा वाचावा.

वाचण्याआधी वर्गाकडून गणित करून घ्या. पायाची बोटे हा टेकू. समजा मुलाचे वजन ४८ किलो, उंची १६० सेंटीमीटर. त्याचा गुरुत्वमध्य तळपायापासून सुमारे ८८ सेंटीमीटरवर, खांदा सुमारे १३० वर. तरफेच्या नियमाने हातांवर येणारा भार ४८ × ८८ ÷ १३०, म्हणजे सुमारे साडेबत्तीस किलो. एकूण वजनाच्या दोन तृतीयांशापेक्षा किंचित जास्त. काटा याच्या आसपासच आकडा दाखवतो. तरफेचा धडा शिकवताना कात्री आणि अडकित्त्याच्या जोडीला हे उदाहरण घ्यायला हरकत नाही.

मग बदल करून पाहा. गुडघे टेकले तर भार निम्म्यावर येतो. पाय जमिनीवर आणि हात ६० सेंटीमीटर उंच बाकावर ठेवले तर तो ४० टक्क्यांच्या आसपास उतरतो. उलट हात जमिनीवर आणि पाय बाकावर ठेवले तर जवळजवळ पाऊण वजन हातांवर येते. हुशार मुले इथे हरकत घेतील, की अंग तिरके झाले तर गुरुत्वमध्य आणि खांदा या दोहोंची आडवी अंतरे सारख्याच प्रमाणात कमी होतात, मग गुणोत्तर बदलते कसे? त्याचे कारण हातांच्या दिशेत आहे. हात अंगाच्या रेषेशी काटकोनात राहतात, खांद्याच्या बरोबर खाली नव्हे. डोके वर असेल तर तळहात टेकूपासून आणखी दूर जातात आणि भार कमी होतो. पाय वर असतील तर ते टेकूकडे सरकतात आणि भार वाढतो. फळ्यावर आकृती काढली की लगेच पटते.

आता आपल्या मुलाला काय करता येईल ते उघड आहे. पाय बाकावर ठेवावेत. खाली जाताना तीन आकडे मोजत सावकाश जावे. पाठीवर दप्तर घेऊन त्यात पुस्तके भरावीत आणि पंचवीस सहज जमू लागले की आणखी दोन पुस्तके घालावीत. अमेरिकन लष्करातील डॉक्टर टॉमस डीलॉर्म यांनी १९४५ साली जखमी सैनिकांचे अशक्त झालेले गुडघे नेमक्या याच तत्त्वाने सुधारले. स्नायू जसा बळावेल तसे वजन वाढवत न्यायचे.

आपल्या तालमींना हे ठाऊक नव्हते असे नाही. जोर मारणाऱ्याच्या पाठीवर पोराला बसवणे, गळ्यात दगडी कडे अडकवून जोर काढणे या जुन्या पद्धती भार वाढवण्याच्याच आहेत. कुस्तीगीर हजार जोर मारतो हेही आपण ऐकलेले असते, पण त्याला तासन्‌तास टिकणारा दमही हवा असतो, नुसता स्नायू नव्हे. शाळेच्या कवायतीत मात्र यातला आकडा तेवढा आला आणि भार तालमीतच राहिला, असे मला वाटते. सूर्यनमस्काराचेही तसेच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकात त्यांचा एवढा प्रसार केला, की ते शाळाशाळांत पोचले. अंग मोकळे करायला आणि दमासाठी ते उत्तमच. पण एका नमस्कारात छाती एकदाच जमिनीकडे जाते. सवय झालेल्या मुलाची छाती बारा नमस्कारांनी भरेल अशी अपेक्षा ठेवू नये.

ताणाची भाषा

तंतूला 'मला जाड व्हायचे आहे' हे कळते कसे? ताणाची जाणीव नेमकी कुठे होते, हे अजून पुरते उलगडलेले नाही. पण ती पुढे कोणत्या वाटेने जाते, हे बरेच कळले आहे, आणि त्याची कथा ईस्टर बेटावर सुरू होते. १९६४ साली एका कॅनडियन पथकाने प्रशांत महासागरातील या बेटावरून मातीचे नमुने आणले. त्यातील एका जिवाणूपासून माँट्रियल येथे सुरेंद्रनाथ सेहगल यांनी बुरशीला मारणारे एक द्रव्य वेगळे केले. सेहगल हे बनारस हिंदू विद्यापीठाचे विद्यार्थी. बेटाचे स्थानिक नाव रापा नुई, म्हणून द्रव्याचे नाव रॅपामायसिन. कंपनीने त्या प्रयोगशाळेला कुलूप लावले तेव्हा सेहगलांनी त्या जिवाणूचा साठा घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. पुढे कळले की हे द्रव्य पेशीतील एका विशिष्ट प्रथिनाला अडवते. त्या प्रथिनाचे नावच 'रॅपामायसिनचे लक्ष्य' या अर्थाचे पडले. आज त्याला एमटॉर म्हणतात. अन्न पुरेसे आहे का आणि ताण आला आहे का, या बातम्या एमटॉरपाशी एकत्र येतात आणि प्रथिने बनवण्याचा हुकूम तिथून सुटतो. २००१ साली उंदरांच्या स्नायूंवर जादा भार टाकून त्यांना रॅपामायसिन दिले, तेव्हा स्नायूंची वाढ जवळजवळ थांबली. २००९ साली माणसांतही दिसले, की हे औषध घेतल्यावर व्यायामानंतरची प्रथिननिर्मितीतील वाढ होत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, हुकूम ताणाने सुटतो. दुसरी, हुकूम सुटला तरी काम लगेच संपत नाही. नवशिक्याच्या स्नायूत प्रथिननिर्मितीचा वाढलेला वेग एक ते दोन दिवस टिकतो. व्यायाम करताना छाती वाढत नसते. ती वाढते नंतर, मुलगा वर्गात बसलेला किंवा झोपलेला असताना. म्हणून खरा कठीण व्यायाम एक दिवसाआड, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. रोज शंभर मारण्यात मुलाने विश्रांतीलाही जागा ठेवली नव्हती.

याच्या उलट, वाढीला लगाम घालणारेही एक द्रव्य स्नायूत असते. त्याचे नाव मायोस्टॅटिन. से-जिन ली आणि अलेक्झांड्रा मॅकफेरॉन यांनी १९९७ साली उंदरांतील त्याचे जनुक निकामी केले, तर उंदीर विलक्षण पिळदार निपजले. बेल्जियमच्या 'बेल्जियन ब्लू' या गुरांच्या जातीत हेच जनुक निसर्गतःच बिघडलेले आहे. माणसामाणसांत व्यायामाचा परिणाम कमीअधिक का दिसतो, त्याचा काही भाग अशा जन्मजात फरकांत आहे. शेजारच्याची छाती लवकर भरली म्हणजे आपले चुकते आहेच असे नाही, हे मुलांना सांगायला हवे. वयाचाही भाग आहेच. वयात येण्याआधी मुलांची ताकद व्यायामाने वाढते, पण ती बहुतांशी चेतासंस्थेमुळे. टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण वाढल्यावर स्नायू वाढू लागतात. मुलींमध्ये ते मुलांच्या मानाने फारच कमी असते. त्यामुळे जोर मारून मुलीचे शरीर पुरुषी होईल ही पालकांची भीती निराधार आहे. ताकद मात्र तिचीही वाढते, आणि मूळच्या प्रमाणात पाहिले तर मुलांइतकीच.

पावडरीचे काय?

प्रथिने हवीत, यात शंका नाही. २०१८ साली ४९ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहण्यात आले. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनांनंतर आणखी घेऊन स्नायूंना फायदा दिसेना. आपल्या ४८ किलोच्या मुलाला ही कमाल मर्यादा सुमारे ७७ ग्रॅम पडते. घरात काय मिळते ते पाहू. दिवसभरात ज्वारीच्या चार भाकरी, २४ ग्रॅम. तुरीची डाळ साधारण ६० ग्रॅम, त्यातून १३. मटकीची उसळ, ९. मूठभर, म्हणजे ४० ग्रॅम शेंगदाणे, १०. दोन अंडी, १२. पाऊण-एक पेला दूध सकाळी आणि तेवढेच रात्री नसले तरी दिवसभरात मिळून ३०० मिलिलिटर, त्यातून १०. बेरीज ७८. अंडी न खाणाऱ्याने हरभरे, दही वाढवावे. भाकरी आणि डाळ एकत्र खाल्ली की एकीच्या प्रथिनांतील उणीव दुसरी भरून काढते.

अर्थात प्रत्येक घरात रोज एवढे असते असे समजण्याचे कारण नाही. ज्या मुलाच्या ताटात डाळ पातळ आहे त्याच्या बाबतीत प्रश्न पावडरीचा नाही, जेवणाचा आहे. हजारो रुपयांच्या डब्यापेक्षा त्या पैशाचे शेंगदाणे आणि डाळ कितीतरी अधिक प्रथिने देतात. पावडर म्हणजे बहुधा दुधातलेच प्रथिन वाळवून केलेले असते. ते विष नाही, पण जादूही नाही. ताण नसेल तर जादा प्रथिन शरीर जाळून टाकते आणि त्यातला नायट्रोजन लघवीवाटे निघून जातो.

खरा धोका वेगळा आहे. बाजारात खुणेचे नाव नसलेल्या किंवा खोट्या नावाच्या डब्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेली सापडली आहेत, आणि काही ठिकाणी तीच गोळ्या-इंजेक्शनांच्या रूपात थेट विकली जातात. ती टेस्टोस्टेरॉनची कृत्रिम भावंडे. त्यांनी स्नायू वाढतात हे नाकारून चालणार नाही. मुलांना ते दिसत असते आणि आपण खोटे बोललो तर आपलेच शब्द फुकट जातात. पण बाहेरून संप्रेरक आले की शरीर स्वतःचे बनवणे बंद करते आणि वृषण आकसतात. यकृत आणि हृदय यांवर परिणाम होतो. वाढत्या वयात तर हाडांच्या टोकांची वाढीची पट्टी वेळेआधी बंद होऊन उंची कायमची खुंटू शकते. दहावीतल्या मुलाला ही शेवटची गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा लवकर कळते, असा माझा अनुभव आहे.

अंग आंबते ते का?

मराठीत आपण सहज म्हणतो, 'काल जोर मारले, आज अंग आंबले.' या शब्दामुळे असेल किंवा पुस्तकांमुळे असेल, स्नायूत लॅक्टिक आम्ल साठते म्हणून दुखते असे आपण वर्षानुवर्षे शिकवत आलो. हे बदलायला हवे. जोरकस व्यायामात लॅक्टेट तयार होते हे खरे, पण तासा-दीड तासात ते रक्तातून निघूनही जाते. दुखणे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. ते येते तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे आणि तिच्या दुरुस्तीच्या वेळच्या दाहामुळे. त्यातही ताणाखाली स्नायू लांब होतो तेव्हा, म्हणजे जोरात खाली जाताना किंवा डोंगर उतरताना, ही इजा अधिक होते. गड चढून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात, त्याचे श्रेय चढणीपेक्षा उतरणीला अधिक. थोडे आंबणे निरुपद्रवी आहे, पण ते वाढीचे मोजमाप नव्हे.

इथे शिक्षकांशी एक बोलायचे आहे. सवय नसलेल्या मुलाला शिक्षा म्हणून शे-दीडशे उठाबशा काढायला लावल्या, तर स्नायुतंतू मोठ्या प्रमाणावर फुटू शकतात. त्यांतले मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडे निकामी करू शकते. अशा शिक्षेनंतर मुले रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. दुखणे असह्य असेल, स्नायू सुजले असतील आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली असेल, तर तास न दवडता दवाखाना गाठावा. शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहेच. पण कायदा नसता तरी, ज्या व्यायामाची मुलांना गोडी लागावी असे आपल्याला वाटते, त्याचीच शिक्षा करणे मला कधी समजले नाही.

चिठ्ठीचे उत्तर आम्ही त्याच पानाच्या मागच्या बाजूला लिहिले. जोर एक दिवसाआड. पाय बाकावर. तीन फेऱ्या, प्रत्येक फेरी आता आणखी एक-दोनच निघतील असे वाटेपर्यंत, मग आकडा बारा येवो की वीस. फेऱ्यांमध्ये दोन-तीन मिनिटे थांबणे. कोपरे अंगापासून फार लांब फाकवायची नाहीत, खांदा दुखला तर थांबायचे. तितक्याच वेळा मागे ओढण्याचा व्यायाम, म्हणजे झाडाच्या फांदीला किंवा डबलबारला लोंबकळून अंग वर खेचणे, नाहीतर खांदे पुढे झुकतात. पावडर नको, शेंगदाणे चालतील.

आणि मोजमाप नीट. व्यायामानंतर लगेच स्नायूत द्रव साठून छाती फुगलेली असते, तेव्हा टेप लावायची नाही. दर रविवारी सकाळी, व्यायामाआधी, नेहमीसारखा श्वास सोडल्यावर, टेप स्तनाग्रांच्या रेषेत, तीनदा मोजून सरासरी. शेजारी वजन आणि उंचीही लिहायची, कारण या वयात बरगड्यांचा पिंजरा आपोआपही रुंदावतो आणि त्याचे श्रेय जोरांना देता येणार नाही. बाई म्हणाल्या, "त्याच्या मित्रालाही मोजायला सांगते, जो काहीच व्यायाम करत नाही."

तुलनेसाठी मित्राची ती कल्पना माझ्या डोक्यात आली नव्हती. मी ती उत्तराखाली लिहून घेतली.